थीम पार्कमधल्या हॉटेलांची क्रमवारी नक्की कशावर लावायची?

दोन_पिल्लांची_आई
नमस्कार मंडळी, पुढच्या मोठ्या सुट्टीत थीम पार्कला जायचं हे घरात ठरलंय पण कुठलं पार्क ते काही ठरत नाहीये आणि सगळं घोडं हॉटेलपाशी अडलंय. आम्ही पाच जण, मी, नवरा, आठ आणि चार वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात पण यायचा उत्साह आमच्यापेक्षा जास्त आहे. नेटवर 'टॉप टेन थीम पार्क हॉटेल्स' छाप याद्या ढीगभर वाचल्या, प्रत्येकीत पहिला नंबर वेगळाच, आणि कशाच्या आधारावर दिला ते कोणी धड लिहीत नाही, लॉबीचे फोटो आणि स्विमिंग पूल झाला की संपलं. मला इतकंच सांगा की पार्कच्या आतलं किंवा पार्कला लागून असलेलं हॉटेल आणि दुसरं असंच हॉटेल यांची तुलना करताना तुम्ही आधी काय बघता? आणि जमलं तर तुमची स्वतःची क्रमवारी पण द्या, कारणांसकट. पार्कच्या बाहेर स्वस्तात राहा हा सल्ला प्लीज नको, तो चिकार मिळालाय.

नकाशावाला
ताई, तुमच्या घरात चार वर्षांचं पोर आणि दुखरे गुडघे दोन्ही आहेत म्हटल्यावर मी एकच गोष्ट आधी बघेन, दुपारी दोन वाजता पार्कमधून निघून खोलीतल्या पलंगावर आडवं व्हायला किती वेळ लागतो. सकाळी सगळेच ताजेतवाने असतात, तेव्हा बस काय आणि बोट काय सगळं चालतं. खरी परीक्षा दुपारी. ऊन, गर्दी, छोटं पोर खांद्यावर झोपलेलं, आजींना कुठेतरी टेकायचंय, आणि अशा वेळी बसस्टॉपवर रांग लावायची की पाच मिनिटांत आपल्या दारात पोचायचं, इथेच ट्रिप ठरते. दुपारची दोन तास झोप मिळाली की हेच लोक रात्रीची आतषबाजी मजेत बघतात, नाही मिळाली की संध्याकाळी सहालाच सगळे एकमेकांवर खेकसायला लागतात.

या हिशोबाने माझा पहिला नंबर तोक्योतल्या डिस्नीसी या पार्कचं मिराकोस्टा. 2001 मध्ये पार्कबरोबरच सुरू झालं आणि इमारत अक्षरशः पार्कच्या आत आहे, हॉटेलवाल्यांना पार्कमध्ये जायचं स्वतःचं दार. पण एक गोष्ट बुकिंगआधी नीट बघा, खोल्या तीन बाजूंना आहेत, पोर्तो पारादीसो बाजूला खिडकीतून बंदर दिसतं, व्हेनिस बाजूला कालवे आणि गोंडोला दिसतात, आणि टस्कनी बाजूच्या खोल्या बाहेरच्या अंगाला तोंड करून आहेत. म्हणजे हॉटेल तेच, नाव तेच, पण आजींना खिडकीत बसून बंदरावरची रोषणाई बघता येणार की नाही हे बाजूवर ठरतं. याद्यांमध्ये सगळ्या खोल्यांना मिळून एकच नंबर देतात ते मला म्हणूनच पटत नाही.

दुसरा कॅलिफोर्नियातलं ग्रँड कॅलिफोर्नियन, तेही 2001 चंच. डिस्नी कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये थेट उघडणारं त्याचं स्वतःचं प्रवेशद्वार आहे आणि शेजारचं डिस्नीलँड पार्कही चालत जवळच. तिसरा पॅरिसचं डिस्नीलँड हॉटेल, ती गुलाबी इमारत पार्कच्या प्रवेशद्वारावरच उभी आहे, खालून लोक आत जातात आणि वर खोल्या. जानेवारी 2024 मध्ये मोठं नूतनीकरण करून परत उघडलंय. चौथं फ्लोरिडातलं कंटेम्पररी, 1971 चं, इमारतीच्या पोटातून मोनोरेल जाते ते सगळ्यांना माहीत असतं पण मॅजिक किंगडम या डिस्नीच्या पार्कला तिथून दहाएक मिनिटांत चालत जाता येतं हे कमी लोक सांगतात. मोनोरेल बंद पडली, गर्दी झाली, काही फरक पडत नाही, आपले पाय आहेत.

आता 'पार्कमधलं हॉटेल' या शब्दांनी फसगत कशी होते ते सांगतो. पहिलं डिस्नीलँड जुलै 1955 मध्ये उघडलं तेव्हा कंपनीकडे हॉटेल बांधायला पैसेच उरले नव्हते, म्हणून शेजारचं हॉटेल जॅक रॅदर या दुसऱ्याच माणसाने बांधलं आणि डिस्नीने ते थेट 1988 मध्ये विकत घेतलं. पार्कच्या आजूबाजूला मग इतरांची भराभर हॉटेलं उठली आणि तिथे यांचं काही चालेना, त्यामुळे फ्लोरिडाला जाताना त्यांनी आधीच सुमारे 27,000 एकर जमीन घेऊन ठेवली. परिणाम असा की फ्लोरिडात हॉटेल कागदोपत्री डिस्नीच्याच आवारात असतं पण पार्क कित्येक किलोमीटर लांब आणि मधे बस. उलट कॅलिफोर्नियात रस्त्यापलीकडची बाहेरची काही हॉटेलं डिस्नीच्या स्वतःच्या डिस्नीलँड हॉटेलपेक्षा गेटला जवळ पडतात. तेव्हा 'ऑन साइट' हे शब्द वाचून खूश होऊ नका, नकाशा उघडा, हॉटेलचा दरवाजा आणि पार्कचा गेट यांमधली चालायची वाट बघा, आणि हॉटेल मोठं असेल तर आपल्या खोलीपासून लॉबीपर्यंतचं अंतर पण त्यात धरा, काही ठिकाणी तेच पाच-सात मिनिटं खातं.

रांगेचा_शत्रू
नकाशावाले दादांचं दुपारच्या झोपेचं म्हणणं शंभर टक्के मान्य पण क्रमवारीत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलचं एकही हॉटेल नाही हे मला अजिबात पटलेलं नाही!! तिथली तीन हॉटेलं, पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक, यांच्यात राहणाऱ्या प्रत्येकाला एक्सप्रेस अनलिमिटेड पास खोलीच्या भाड्यातच मिळतो, म्हणजे बहुतेक राईड्सना छोटी रांग, हवं तितक्या वेळा. आणि हे चेक-इनच्या दिवशी पण आणि चेक-आउटच्या दिवशी पण चालतं, त्यामुळे एक रात्र राहिलात तरी पास दोन दिवस वापरता येतो. खोली दुपारी मिळणार असली तरी सकाळीच हॉटेलवर जाऊन नाव नोंदवायचं, सामान ठेवायचं, पास घ्यायचे आणि चालू पडायचं. आठ वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा मोठी चैन नाही, एकच कोस्टर लागोपाठ तीनदा!

मी तर क्रमवारी याच्यावरच लावतो की हॉटेल मला दिवसाचे किती तास परत देतं. पलंग मऊ आहे का, उशा किती, याने मला काही फरक पडत नाही, रांगेत गेलेला दीड तास मात्र परत येत नाही. म्हणून माझा पहिला नंबर रॉयल पॅसिफिक, तिन्हीत सहसा तेच जरा स्वस्त पडतं आणि पास तोच, शिवाय पार्कला चालत किंवा बोटीने जाता येतं, आजींना बोट.

पण पास फक्त युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोन जुन्या पार्कांना चालतो. मे 2025 मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला चालत नाही, आणि ते पार्क या हॉटेलांपासून बरंच लांब पण आहे. तिथलं हेलिओस ग्रँड हॉटेल थेट पार्कमध्ये उघडतं, फोटो बघून कोणीही प्रेमात पडेल, पण त्याच्या भाड्यात एक्सप्रेस नाही. त्याच कंपनीची कॅबाना बे, सफायर फॉल्स, एंडलेस समर वगैरे हॉटेलं छान आहेत, स्वस्त आहेत, पण एक्सप्रेस त्यांनाही नाही, सकाळी लवकर प्रवेश तेवढा मिळतो. वेबसाइटवर सगळी एका ओळीत दिसतात म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पाळणा_आणि_पुस्तक
मला दोघांचंही वाचून जरा वाईट वाटलं कारण हॉटेल म्हणजे नुसता रस्ता आणि पास झाला. मुलांना दहा वर्षांनी काय आठवतं? गेटपासून किती मिनिटं ते नाही आठवत हो. लेगोलँडच्या हॉटेलांमध्ये मुलांची झोपायची जागा वेगळी असते, बंक बेडची, आणि खोलीतच एक कुलूपबंद तिजोरी असते, खोलीत लपवलेल्या वस्तू मोजून मोजून तिचा नंबर शोधायचा आणि आत छोटंसं लेगोचं बक्षीस. माझ्या भाचीने बॅग पण उघडू दिली नव्हती आधी तिजोरी उघडेपर्यंत, पलंगाखाली शिरून मोजत होती, आणि चुकलं की परत पहिल्यापासून. त्या हॉटेलला मी पंचतारांकितच्या वर ठेवते, चार आणि आठ वर्षांच्या मुलांसाठी तरी नक्की.

आणि फ्लोरिडातलं डिस्नीचं ॲनिमल किंगडम लॉज. सकाळी बाल्कनीत यायचं आणि समोर जिराफ आणि झेब्रे चरतायत. नकाशावाले दादांच्या हिशोबात हे हॉटेल नापास होईल, कारण नावात ॲनिमल किंगडम असूनही त्या पार्कला चालत जाता येत नाही, बसच पकडावी लागते, सगळ्याच पार्कांना बस. तरी सासूबाईंना एक दिवस पार्कच नको असेल तर त्यांनी बाल्कनीत चहा घेत बसावं असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. खोली मात्र सव्हाना, म्हणजे प्राणी चरतात ते मैदान, दिसणारी घ्या, स्टँडर्ड खोल्या भलतीकडे तोंड करून असतात. परवडत नसेल तरी हॉटेलातच सगळ्यांसाठी प्राणी बघायच्या जागा आहेत, तिथे हवा तितका वेळ बसता येतं.

जर्मनीतलं फँटाझियालँड पण बघा, चार्ल्स लिंडबर्ग नावाचं हॉटेल रूकबर्ग या भागाच्या आतच बांधलंय आणि एफ.एल.वाय. हा कोस्टर त्याच्या आजूबाजूने, वरून फिरतो. हॉटेलातल्या खोल्या म्हणजे अगदी छोट्या केबिन, दोघांना ठीक, तुमच्या पाच जणांना बिलकुल नको. पण जोडप्यांना किंवा कोस्टरवेड्यांना विचाराल तर माझा पहिला नंबर तोच.

नकाशावाला
ताईंचं बरोबर आहे, तिजोरीचं वाचून मजा आली. ॲनिमल किंगडम लॉजला मी नापास करत नाही, फक्त ते ज्या दिवशी पार्क नाही त्या दिवसाचं हॉटेल आहे. दोन रात्री तिथे आणि बाकीच्या पार्कजवळ असं केलं तर दोन्ही साधतं, सामान हलवायचा एक दिवस जातो तेवढाच.

शांत_कोपरा
युरोपा-पार्क कोणीच कसं घेतलं नाही? जर्मनीतच आहे, माक कुटुंबाचं पार्क आणि हॉटेलंही त्यांचीच. पहिलं एल आंदालूझ 1995 चं, मग एकेक वाढत गेलं, कोलोसेओ 2004, सांता इझाबेल 2007, दीपस्तंभवालं बेल रॉक 2012, क्रोनासार 2019. कोलोसेओचा चौक म्हणजे रोमच्या कोलोसियमसारखी अर्धगोल भिंत आणि मधे कारंजं, संध्याकाळी पार्क बंद झाल्यावर लोक तिथेच रेंगाळतात. क्रोनासार मात्र मुख्य पार्कला चिकटून नाही, रुलांटिका या वॉटर पार्कच्या शेजारी आहे, तेव्हा पाण्यात खेळायचं असेल तर ते घ्या, नाहीतर बाकीच्या जुन्यांपैकी एक. माझ्या मते एकाच ठिकाणी इतकी सरस हॉटेलं दुसऱ्या कुठल्याच पार्कला नाहीत, डिस्नी धरून, कारण इथे सगळ्यात साध्या हॉटेलातही थीम मनापासून केलेली दिसते. डिस्नीत स्वस्त हॉटेल आणि महाग हॉटेल यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

अजून एक, ज्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही, पाच जणांची खोली. बहुतेक पार्क हॉटेलांमध्ये साधी खोली चौघांची असते, पाचवा आला की दोन खोल्या किंवा मोठा सूट घ्यावा लागतो आणि सगळा हिशोबच बदलतो. आधी पाच जण टाकून शोधा, यादी आपोआप निम्मी होईल. आणि दोन खोल्या घेतल्या तर आतून जोडलेल्या मिळतील का हे फोन करून विचारा, नुसतं बुकिंग करताना रिक्वेस्ट टाकली म्हणजे मिळतातच असं नाही.

दोन_पिल्लांची_आई
बापरे, इतकं कामाचं एका संध्याकाळी मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. पाच जणांचं डोक्यातच आलं नव्हतं, आता टाकून बघितलं तर खरंच निम्मी हॉटेलं गळाली. सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला, त्यांचा ओढा जिराफांकडे आहे, मोठ्याचा लागोपाठ तीनदा कोस्टरकडे, आणि धाकटी तिजोरी तिजोरी करत घरभर फिरतेय. म्हणजे फ्लोरिडा जवळजवळ पक्कं दिसतंय. रांगेचा_शत्रू दादा, चार वर्षांच्या मुलीला उंचीमुळे मोठ्या राईड्सना घेणार नाहीत ना, मग तिच्यासकट सगळ्यांसाठी एक्सप्रेसवालं महागाचं हॉटेल घेणं वाया नाही का जाणार?

रांगेचा_शत्रू
रास्त प्रश्न आहे ताई. सगळे दिवस घेतलंत तर वाया जाईल. एकच रात्र घ्या, दोन दिवस पास मिळेल, तेवढ्यात मोठ्याची हौस फिटते. तुम्ही आणि तुमचे मिस्टर पाळीपाळीने जा, तिथे चाइल्ड स्वॅप असतं, म्हणजे एक जण मुलीबरोबर आतल्या खोलीत थांबतो आणि पहिला उतरला की दुसऱ्याला परत रांग न लावता जाता येतं, मोठ्याला बहुतेक वेळा दोघांबरोबर बसायला मिळेल. धाकटीसाठी आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरमध्ये सूस लँडिंग आहे, तिथल्या राईड्सना पण एक्सप्रेस चालतो. आजींना बोटीने दुपारी हॉटेलवर सोडून यायचं. बाकीच्या रात्री जिराफांकडे.

पाळणा_आणि_पुस्तक
आणि फ्लोरिडात लेगोलँड पण आहे, विंटर हेवनला, ऑर्लँडोहून गाडीने तासाभराच्या आसपास. तिथलं हॉटेल पार्कच्या गेटला लागूनच आहे, नकाशावाले दादा पण खूश होतील. जाता-येता एक रात्र बसवता आली तर बघा, धाकटीची तिजोरी तिथे मिळेल.

नकाशावाला
क्रम असा ठेवा, आधी युनिव्हर्सलची धावपळ, मग लेगोलँडची एक रात्र, आणि शेवटी ॲनिमल किंगडम लॉज. दमल्यावर बाल्कनी असलेली बरी. आणि लॉजला खोली देताना लॉबीच्या जवळची मागा, तिथले बोळ खूप लांब आहेत, आजींना रोज दोनदा तेवढं चालणं नको.