हनोई ते सायगाव रेल्वेने, एकटीने आणि शाकाहारी: जमेल का?

तिसरी_घंटा:
नमस्कार मंडळी. वय ५८, शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, मुक्काम इचलकरंजी. मार्चमध्ये व्हिएतनामला जायचं मनात आहे. उत्तरेतून दक्षिणेत, सगळं रेल्वेने, तीनेक आठवडे. यापूर्वी टूरबरोबर युरोप केलंय. काय पाहिलं ते धड आठवत नाही, बस किती वाजता सुटणार होती तेवढं आठवतं. म्हणून या वेळी एकटी जायचंय. मुलाने फोनवर एकच वाक्य टाकलं, ‘आई, कशाला?’

अडचणी अशा: अंडंही खात नाही. गुडघे कुरकुरतात, वरच्या बर्थवर चढणं होणार नाही. इंग्रजी कामापुरतं. स्वतः जाऊन आलेल्यांनीच लिहा. व्हिडिओ मीही पाहिलेत.

फुकटफौजदार:
रेल्वे कशाला? स्लीपर बस घ्या, स्वस्त पडते आणि थेट हॉटेलच्या दारात सोडते. मी सगळा देश बसने केला, खर्च निम्मा.

हळदीचं_पेव:
फौजदार, तुमचं वय तिशीच्या आत असणार. त्या बसमध्ये पाय एका खोक्यात घालून अर्धवट बसल्या-झोपल्या अवस्थेत रात्र काढायची असते. गुडघेवाल्या बाईला तो सल्ला देऊ नका.

ताई, मी सांगलीची, वय ६२, पोस्टात काउंटरवर नोकरी केली. मागच्या वर्षी हेच केलं, १९ दिवस, एकटीने. जरा सविस्तर लिहिते.

आधी व्हिसा, कारण मी तिथेच आपटले. ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, एका प्रवेशाचे २५ डॉलर, २०२३च्या ऑगस्टपासून ९० दिवसांपर्यंत देतात. सरकारी साइटच उघडा, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ असतं. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दलालांच्या साइट ढिगाने आहेत. आता आपली मराठी भानगड: पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे, मग आडनाव. मी फॉर्मवर फक्त माझं नाव आणि आडनाव लिहिलं. ‘यांना काय करायचंय आमच्या ह्यांचं’ असं वाटलं. व्हिसा आला, प्रिंट काढली, आणि निघायच्या आठ दिवस आधी भाची म्हणाली, ‘मावशी, हे पासपोर्टशी जुळत नाही.’ पुन्हा अर्ज, पुन्हा २५ डॉलर, आणि मध्ये शनिवार-रविवार. पोस्टात आयुष्यभर दुसऱ्यांच्या फॉर्मवरच्या चुका काढल्या, तिची ही गत. तर पासपोर्टवर जे आहे ते सगळं, जसंच्या तसं.

मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, आणि परतीचं सायगावहून घ्या (कागदोपत्री हो चि मिन्ह सिटी, स्टेशनवर आणि लोकांच्या तोंडी अजून सायगाव). म्हणजे उलटं वर यायला नको.

रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा, मीटर गेज. फ्रेंचांनी बांधायला घेतला, १९३६ साली पुरा झाला, मग युद्धांत तुटला आणि १९७६च्या अखेरीस पुन्हा जोडला. आपली मिरज-पंढरपूर छोटी गाडी आठवते ना, तिच्यापेक्षा रुंद, पण आपल्या आताच्या गाड्यांपेक्षा अरुंद. त्यामुळे हलते बरीच. सलग गेलात तर दीड दिवसाच्या आसपास लागतो. तसं करू नका, तुकडे पाडा. मी हनोई ते हुए रात्रीत केलं, ६८८ किलोमीटर. चार बर्थचा कप्पा घ्या. सहाच्या कप्प्यात मधल्या बर्थमुळे खालच्याला ताठ बसता येत नाही. ‘खालचा’ असं तिकिटातच निवडता येतं, पैसे थोडे जास्त. मला तीन हजार रुपयांच्या आसपास पडलं.

पहिल्या रात्री कप्प्यात समोर एक आजी आणि पाच-सहा वर्षांचा नातू, दोघं एका बर्थवर. आजीने पेरू चिरला, लाल मिरची घालून कुटलेल्या मिठाची पुडी सोडली आणि फोड माझ्या हातात ठेवली. मी भडंगाची पिशवी काढली. पोराने एकेक शेंगदाणा वेचून खाल्ला आणि चुरमुरे आजीकडे सरकवले. नंतर लसणाची एक तळलेली पाकळी उजेडात धरून बराच वेळ पाहत बसला. आम्हा दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. दहा वाजता तिने दिवा घालवला.

हुए ते दा नांग हा तुकडा दिवसाच करा, १०३ किलोमीटरच आहे पण अडीच-तीन तास लागतात. गाडी हाय वान घाटाच्या कडेने समुद्रावरून जाते. दक्षिणेकडे जाताना समुद्र डावीकडे. सीट निवडताना हे लक्षात ठेवा, मी उजवीकडे बसले आणि तीन तास डोंगराची माती पाहिली.

खाण्याचं. तिथे शाकाहाराला शब्द आहे ‘चाय’. हो, आपला चहा नव्हे, चहा मागितलात तर ‘त्रा’. रोमन अक्षरांत सी-एच-ए-वाय अशी पाटी दिसली की निर्धास्त आत शिरा. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी. पण उच्चारात चढ-उतार एवढे की माझं कुणाला कळलं नाही, शेवटी फोनवर लिहिलेलं दाखवत होते. नुसतं ‘मांस नको’ म्हणू नका. मांस काढतील, पण फो म्हणजे त्यांचं नूडल्सचं सूप, त्याचा रस्सा हाडांचाच असतो आणि बाकी सगळ्यात माशाचं पाणी, न्वोक माम.

आता खरी गंमत. तिकडचे बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. म्हणजे आपली अमावास्या आणि पौर्णिमा. (तिथीच्या वेळेमुळे एखादा दिवस इकडे-तिकडे.) मी बॅगेत कालनिर्णय नेलं होतं, औषधांच्या नोंदी करायला, त्याचा असा उपयोग झाला. अमावास्येला हुएमध्ये होते. आदल्या दिवशी जिथे डुकराचं मांस भाजत होते त्याच गाडीवर त्या सकाळी टोफू आणि मशरूम. आमच्या आईने अमावास्येला कधी उंबरा ओलांडू दिला नाही, आणि मी परदेशात अमावास्येची वाट बघत होते! हुए तसंही मठांचं गाव, तिथे चाय खानावळी रोजच्या आहेत. फक्त दचकू नका, ताटात हुबेहूब मासा किंवा कोंबडीचा तुकडा येतो, तो सोयाबीनचा असतो. मी पहिला परत पाठवला होता.

पैसे. रुपयाला साधारण ३०० दोंग. तीन शून्यं अंगठ्याने झाकायची आणि उरेल त्याची तिप्पट, वर थोडी चिल्लर. आणि निळ्या नोटांपासून सावध! २०,००० आणि ५,००,००० दोन्ही निळसर, दोन्हींवर हो चि मिन्ह, लांबीत बोटभर फरक. होइ आनला उसाचा रस प्यायले, पाच लाखांची देऊन उठले. रात्री हिशेब लिहिताना कळलं. सोळाशे रुपयांचा रस. त्यानंतर पाच लाखांच्या नोटा वेगळ्या पाकिटात, सेफ्टी पिन लावून.

कोपऱ्यातला:
वा, काय लिहिलंय! मी कामानिमित्त सायगावात दोन वर्षं राहिलो, थोडी भर घालतो. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्ये तेत म्हणजे त्यांचं नववर्ष येतं. त्या आठवड्यात तिकिटं मिळत नाहीत आणि दुकानं बंद. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हुए, होइ आन पुरात असतात. त्यामुळे मार्च उत्तम, फक्त हनोईत भुरभुर पाऊस आणि राखाडी आभाळ धरून चाला.

रस्ता ओलांडताना मुंबईसारखं धावायचं नाही. एका चालीने, सावकाश जायचं, मोटारसायकली बाजूने वळून जातात. मध्येच थांबलात किंवा मागे फिरलात तरच धोका.

आणि ‘मी सोन’ला जा (हे ठिकाणाचं नाव). चाम म्हणजे तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांनी बांधलेली शिवाची मंदिरं, मूळ देव भद्रेश्वर, चौथ्या शतकातल्या भद्रवर्म राजाच्या नावावरून.

हळदीचं_पेव:
‘मी सोन’ सांगायचं राहिलंच की! होइ आनपासून ४० किलोमीटर, पहाटेच निघा, दहानंतर ऊन आणि टूरवाले दोन्ही चढतात. फाटकापासून आत विजेची गाडी सोडते, गुडघ्यांची काळजी नको. लाल विटांची देवळं, दोन विटांमध्ये चुना दिसतच नाही. १९६९मध्ये अमेरिकन बाँबफेकीत बरंच पडलं, खड्डे अजून आहेत. काही देवळांची दुरुस्ती आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने केली, त्या कामात २०२०मध्ये एक अखंड दगडी शिवलिंग सापडलं. मी एका पिंडीपुढे सवयीने हात जोडले, तर शेजारच्या फ्रेंच बाईने माझाच फोटो काढला.

तिसरी_घंटा:
ताई, प्रिंट काढून ठेवते. दोनच शंका. चार बर्थच्या कप्प्याला दार असतं ना, मग आत तिघेही अनोळखी पुरुष निघाले तर? आणि संडास?

हळदीचं_पेव:
माझ्या दुसऱ्या रात्री तसंच झालं, दा नांगहून पुढे. तिघे पुरुष, त्यातला एक घोरणारा. खरं सांगायचं तर पहिला तासभर पर्स पोटाशी धरून बसले होते. मग दार अर्धं उघडं ठेवलं, कुणी हरकत घेतली नाही. अगदीच नको वाटलं तर डब्याच्या परिचारकाला बर्थ बदलून मागता येतो, जागा असली तर. संडास संध्याकाळी बरा, पहाटे आपल्यासारखाच. कागद आणि साबण स्वतःचा. डब्याच्या टोकाला गरम पाणी मिळतं, त्यात मी पोह्यांची पाकिटं भिजवली.

फुकटफौजदार:
माझं वय ३४ आहे. पण पुढच्या वेळी रेल्वे.

तिसरी_घंटा:
मुलाला हा धागा वाचायला दिला. ‘नावाचं नीट लिही’ एवढंच म्हणाला, म्हणजे परवानगी समजायची. कालनिर्णय घेऊन बसले आहे. फाल्गुन पौर्णिमेला होइ आनमध्ये असेन असं बसवतेय. आदल्या रात्री तिथे गावातले दिवे घालवून कंदील लावतात असं वाचलं, ते खरं ना? मग दुसऱ्या दिवशी चाय. होळीची पुरणपोळी मात्र हुकणार.

हळदीचं_पेव:
खरं आहे, चौदाव्या रात्री. गर्दी फार असते, नदीकाठी जाऊ नका, मागच्या गल्लीत उभ्या राहा. पोळी कोरडी करून नेलीत तर चार दिवस टिकते. पुरण चांगलं आटवा.