१३ फेब्रुवारीला राष्ट्रीय महिला दिन गावात करायचाय, पैठणीचा खेळ सोडून काय करता येईल?

तापीकाठची_ताई (चोपडा तालुका, जि. जळगाव)

नमस्कार सगळ्यांना. आमच्या गावात आमचा बचत गट आहे, दहा-बारा जणी आहोत, हिशोब मी लिहिते. दरवर्षी ८ मार्चला ग्रामपंचायत कार्यक्रम घेते म्हणजे काय तर संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, जी जिंकेल तिला पैठणी आणि बाकीच्यांना स्टीलचा डबा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करावे लागतात ना, त्यातच तो खर्च बसवतात. बायका हसतात, घटकाभर मोकळ्या होतात, त्याला माझी ना नाही, एरवी त्यांना एवढा वेळ देतं कोण.

पण मागच्या वर्षीचं एक डोक्यातून जात नाही. आमच्या गटातल्या एकीचा नवरा दिवाळीच्या आधी गेला. कार्यक्रमाला ती आली पण हळदीकुंकवाचं ताट फिरायला लागलं तशी स्वतःहून उठली आणि सगळ्यांना पाणी वाटायला लागली, शेवटपर्यंत पाण्याचा जग हातातून खाली ठेवला नाही. नंतर पंधरा दिवसांनी माझ्याकडे आली की ताई पीककर्जाचं काही होईल का, तर सोसायटीने विचारलं सातबारा कोणाच्या नावावर. जमीन अजून सासऱ्याच्याच नावावर, दीरांचं म्हणणं बघू नंतर. तीन एकर ती एकटी कसते आणि कागदावर ती कुठेच नाही.

म्हणून यंदा गटाने ठरवलं की १३ फेब्रुवारीला, सरोजिनी नायडूंच्या जयंतीला राष्ट्रीय महिला दिन असतो तो आपण करायचा, आणि बायकांचा हक्क आणि घर या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र आल्या पाहिजेत, म्हणजे माणसं पण आली पाहिजेत, नुसता बायकांचा कार्यक्रम नको. तेव्हा हरभऱ्याची काढणी असते, बायका शेतातून येतात तेच पाच-सहाला, त्यामुळे रात्री आठ ते दहा एवढाच वेळ. खर्चाला फार नाही. कोणी असं काही केलंय का? काय करावं जे दुसऱ्या दिवशी पण उपयोगी पडेल?

धुळ्याचे_सर

ताई, उत्तम विचार. मी शाळेत शिकवतो म्हणून आधी दिवसाबद्दल थोडं सांगतो, दहा मिनिटांत तुमच्यापैकीच कोणी सांगू शकेल, बाहेरचा वक्ता बोलावू नका, तो तासभर बोलतो आणि बायका पेंगतात.

सरोजिनी नायडू १३ फेब्रुवारी १८७९ च्या, हैदराबादच्या. काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या (१९२५, कानपूर), स्वातंत्र्यानंतर संयुक्त प्रांताच्या (आजचा उत्तर प्रदेश) राज्यपाल झाल्या, देशातल्या पहिल्या महिला राज्यपाल, हे पाठ्यपुस्तकात असतं. पण मला वाटतं तुम्ही १९१७ ची गोष्ट सांगा. त्या वर्षी इंग्लंडहून भारतमंत्री माँटेग्यू आले होते तेव्हा सरोजिनीबाई बायकांचं शिष्टमंडळ घेऊन त्यांना भेटल्या आणि पुरुषांसारखाच बायकांना मताचा हक्क द्या म्हणाल्या. पुढे थोडाफार मिळाला पण कसा, तर शिकलेली असेल किंवा मालमत्ता असेल तर, आणि १९३५ च्या कायद्यात नवऱ्याच्या मालमत्तेवरून बायकोला मत, म्हणजे नवऱ्याकडे जमीन-घर पाहिजे. सरसकट प्रत्येक बाईला मत आलं ते संविधानाने, १९५० ला. तुमच्या त्या बहिणीची गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे बघा, मत आज तिचं स्वतःचं आहे पण जमीन अजून दुसऱ्याच्या नावावरून मोजली जाते.

आपल्याकडचं पण सांगा की. जळगावने १९६२ ला एका बाईला आमदार करून पाठवलं आणि त्याच प्रतिभाताई पाटील २००७ ला देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. आणि त्याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या १००० मुलांमागे ८४२ मुली होत्या. दोन्ही एकाच श्वासात सांगा, लोकांना लागू द्या.

अखाजीची_लेक

ताई मी इथे कधी लिहीत नाही पण तुमचं वाचून राहवलं नाही, मोठं होईल, वाचा.

माझं माहेर एरंडोल तालुक्यातलं, दिलंय अमळनेरकडे. आपल्याकडे अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी येते, झोका, गौराई, आमरस, सगळं वर्ष आपण त्या चार दिवसांवर काढतो हे तुम्हाला सांगायला नको. बाबा गेले त्यानंतरच्या अखाजीला मी गेले, बाबांच्या नावाने घागर भरली, भाऊ आणि मी दोघं रडलो. संध्याकाळी भाऊ म्हणाला उद्या जरा तालुक्याला जाऊन येऊ, तुझी एक सही लागते. मला वाटलं सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं असेल, दरवर्षी करतातच. वहिनीने दशम्या बांधून दिल्या, मोटारसायकलवर गेलो, तिथे फोटो काढला, अंगठा घेतला, तिथल्या माणसाने विचारलं स्वखुशीने करताय ना, मी हो म्हणाले. काय स्वखुशीने ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं पण नाही. येताना भावाने मला जरीची साडी घेतली. ते हक्कसोडपत्र होतं, बाबांच्या जमिनीतला माझा हिस्सा सोडल्याचं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

माझा भाऊ वाईट नाही, हे आधी लिहिते. दिवाळी-अखाजीला न्यायला येतो, आंबे पाठवतो, माझ्या मुलांवर जीव आहे त्याचा. त्याला पण वाटतच नाही की त्याने काही चुकीचं केलं, कारण आत्याने केलं, मोठ्या बहिणीने केलं, सगळ्याच करतात. आणि खरं सांगू, त्याने सरळ विचारलं असतं तरी मी बहुतेक सही केलीच असती, कारण माहेर तुटलं तर जायचं कुठे ही भीती असते ना. पण त्याने विचारलं असतं तर मी दिलं असं झालं असतं. आता ते माझ्याकडून गेलं.

गेल्या वर्षी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी दहा हजार कमी पडत होते, भावाला फोन केला, त्याने लगेच पाठवले, मी वहीत लिहून ठेवले उसने म्हणून. लिहिता लिहिता हात थांबला. बाबांच्या त्या शेतात मी लग्नाआधी आठ वर्षं कापूस वेचलाय.

ताई तुमच्या कार्यक्रमात एवढंच सांगा बायकांना, सही करायच्या आधी कागद घरी आणा, रात्रभर ठेवा, शिकलेल्या पोरीकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि भावांनाही सांगा. माणसं येणार असतील तर नक्की सांगा, त्यांनाच जास्त गरज आहे.

अण्णा_फेरफारवाले

मी तलाठी म्हणून रिटायर झालोय, आयुष्य सातबाऱ्यात गेलं म्हणून लिहितोय.

आधी अखाजीच्या लेकीला. बेटा, नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र सहज फिरत नाही पण फसवून सही घेतली असेल तर कोर्टात दाद मागता येते, मात्र मुदतीचा प्रश्न असतो, त्यामुळे वेळ घालवू नको. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. भांडायचं की नाही ते तू ठरव, पण आपण कुठे उभे आहोत ते तरी विचारून घे.

आणि सगळ्यांसाठी, मुलीचा हक्क हा भावाची मेहरबानी नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ ची दुरुस्ती आली (९ सप्टेंबरपासून लागू), तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलासारखी हिस्सेदार. लोक म्हणायचे बाप त्या तारखेच्या आधी वारला असेल तर नाही, ते पण सुप्रीम कोर्टाने २०२० ला मिटवलं, बाप जिवंत असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालेलं असेल तर ते उकरता येत नाही.

आता ताई तुमच्या कार्यक्रमाचं. तुम्हाला लक्ष्मीमुक्ती माहीत आहे का? चांदवडला १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, बायका खान्देशातून पण ट्रका भरभरून गेल्या होत्या, मी तेव्हा नोकरीला नवा होतो. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, नवऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा आपणहून बायकोच्या नावावर करायचा, आणि गावंच्या गावं पुढे आली. मग १९९२ ला सरकारने योजना म्हणून काढली, नवऱ्याने अर्ज दिला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्ज तलाठ्याकडे, तो फेरफार (नावातल्या बदलाची नोंद) धरतो, नोटीस काढतो, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतो. घराचं पण तसंच, नमुना ८ ला (ग्रामपंचायतीतला घराचा उतारा) नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं, ते ग्रामपंचायतीतच होतं.

हे कागद कोणी करून देत नाही कारण कोणी मागत नाही. मी गावात बसून पण दहा वर्षांत मोजून चार अर्ज पाहिले.

अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि इकडे कोणाचं लक्ष नसतं. बाईचं नाव. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, रेशनकार्डवर घरात हाक मारतात ते, आणि लग्नात नाव बदललं असेल तर मतदार यादीत चौथंच. मग ही बाई तीच कशावरून, म्हणून प्रतिज्ञापत्र करा, गॅझेट करा, आणि तिथे नवरा कंटाळून अर्ज सोडून देतो. जमीन सामाईक असेल, भावांची वाटणी झालेली नसेल तर आधी ती करावी लागेल, ते एका रात्रीत होणार नाही. पण नावं जुळवायचं काम एका रात्रीत होतं. सगळ्यांना सांगा आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, नमुना ८ घेऊन या, एक टेबल टाका, शिकलेली दोन पोरं बसवा आणि कोणाचं कुठे वेगळं आहे ते नुसतं लिहून काढा. तुमच्या त्या विधवा बहिणीची केस पहिली घ्या, सासरे हयात नसतील तर वारस नोंद करून घ्या, दीरांच्या बघू-नंतरवर थांबायची गरज नाही, अर्ज ती स्वतः देऊ शकते. लहान पोरं असतील तर त्यांची पण नावं लागतात.

एक कायद्याची गोष्ट, कोणी चुकीचं समजू नये म्हणून. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. पण सातबाऱ्यावर जिचं नाव आहे तिला डावलून व्यवहार करणं अवघड जातं आणि सोसायटी, बँक, अनुदान सगळीकडे पहिला प्रश्न तोच असतो.

पारोळ्याचा_भो

अण्णा बरोबर बोलले. मी हे दोन वर्षांपूर्वी घरी केलं म्हणून सांगतो. आईचं नाव लावायचं म्हटलं तर बाप आठ दिवस बोलला नाही, म्हणे गावात काय सांगू, पोराने जितेपणी वाटणी मागितली असं होईल. मी म्हटलं दादा वाटणी नाही, तुमच्याच नावाखाली तिचं नाव. भांडण नाही केलं, रोज जेवताना तेच काढायचो. आई तर बापाच्याच बाजूने, भाकर थापता थापता म्हणायची, "मी काय करसू नाव लाईसन, मन्हं काय ऱ्हायनं आते." (नाव लावून मी काय करू, माझं आता काय राहिलंय.)

शेवटी बाप कशाने मानला तर शेजारच्या वाड्यातली काकू. काका गेल्यावर तिला विहिरीच्या मोटरीचं लाईट कनेक्शन स्वतःच्या नावावर करायला वर्ष लागलं, ते बापाने डोळ्यासमोर पाहिलं होतं. एक दिवस आपणच म्हणाला चल, काय कागद लागतात.

आईचं आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं, अण्णा म्हणतात तेच, त्यातच तीन महिने गेले. काम झालं तेव्हा उतारा घेऊन आलो, आईने हात पदराला पुसून घेतला, वाचता येत नाही तिला, म्हणे कोठे से? मी बोट ठेवून दाखवलं. तर तिने विचारलं वर कोण आहे, म्हटलं दादा. खाली कोण, म्हटलं कोणी नाही. मग म्हणाली तुझ्या बहिणीचं पण लाव.

त्याच्यावर मी अजून काही केलेलं नाही. ताईचं, अखाजीच्या लेकीचं वाचून आज पुन्हा आठवलं.

नंदुरबारची_मावशी

हळदीकुंकवाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला होता, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. सरकारने पण मग परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. तुमच्या ग्रामपंचायतीने केलाय का विचारा. महिला ग्रामसभेत विषय घ्या, तो हक्क आहे आपला.

आणि ठरावाच्या आधी त्या रात्री एक करा, ताट फिरवायचं असेल तर ते त्या पाणी वाटणाऱ्या बाईच्या हातात द्या. पहिलं कुंकू तिला कोणी लावायचं ते आधी ठरवून ठेवा, ऐनवेळी कोणी पुढे होत नाही, मी पाहिलंय. माझ्या वेळेला नव्हतं झालं कोणी.

तापीकाठची_ताई

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री गटाच्या मीटिंगला तुमचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. अखाजीच्या लेकीचं वाचताना तिघी जणी उठून बाहेर गेल्या, नंतर एकीने सांगितलं तिने पण अशीच सही केलीये.

ठरलं ते असं. रात्री आठला मारुतीच्या पारावर, म्हणजे माणसं आपोआप असतात. आमच्यातली एक बारावी शिकलेली सून १९१७ ची गोष्ट सांगणार. खापरावरचे मांडे गट करणार पण यंदा पीठ मळायला आणि वाढायला माणसं, हे सरपंचांनी कबूल केलंय. कागदांचं टेबल ठेवणार, त्यासाठी कॉलेजची दोन पोरं मिळाली. पैठणी नाही, त्या पैशात झेरॉक्स मशीनवाला दोन तास बसवणार. अण्णा, अर्जाचा नमुना इथे टाकाल का साध्या भाषेत, आम्ही पन्नास प्रती काढून ठेवू.

मावशी, तिला विचारलं ताटाचं. आधी नाही म्हणाली. आज सकाळी नळावर भेटली तेव्हा म्हणाली पाणी वाटायला मग दुसरं कोणी बघून ठेवा.

अण्णा_फेरफारवाले

नमुना आज रात्री टाकतो. फेब्रुवारीत चोपड्याला येणं होणार आहेच, १३ तारखेला टेबलावर मी पण बसेन, खुर्ची ठेवा.