हायडेलबर्ग पायी पाहताना

जर्मनीतले हायडेलबर्ग एका दिवसात पायी पाहून होईल का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. फक्त सुरुवात किल्ल्यापासून करू नये. विद्यार्थी असताना आम्ही चार मित्र सकाळी जुन्या पुलावरून नेकार नदी ओलांडून समोरच्या काठावर गेलो आणि 'सर्पमार्ग' या अर्थाच्या नावाच्या, दगडी भिंतींमधून वळणे घेत चढणाऱ्या पायवाटेने 'तत्त्वज्ञांची वाट' या अर्थाच्या नावाच्या, डोंगरउतारावरच्या रस्त्यावर पोहोचलो. चढ चांगलाच दमवतो. वर मात्र लाल वालुकाश्मातला भग्न किल्ला, त्याखालचे गाव आणि १७८८ साली पूर्ण झालेला तो पूल असे सगळे एका नजरेत येते. हा पूल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच उडवला होता आणि १९४७ पर्यंत तो पुन्हा उभा राहिला, हे ठाऊक असल्यामुळे परतताना आमची पावले तिथे आपोआप मंदावली.

दुपारी विद्यार्थ्यांची जुनी कोठडी अवश्य पाहावी. दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ स्वतःच तिथे डांबत असे आणि त्यांनी काजळीने व रंगांनी भरून टाकलेल्या भिंती आजही तशाच आहेत.

मराठी माणसाला या गावाबद्दल आणखी एक जिव्हाळा वाटावा, असे मला मनापासून वाटते, कारण खंडोबा आणि धनगरांच्या परंपरेचा आयुष्यभर अभ्यास करणारे गुंथर सोन्थायमर इथल्याच विद्यापीठात शिकवत होते. किल्ल्यावर आम्ही संध्याकाळी, ऊन उतरल्यावर गेलो.