मदत हवी आहे: मराठी प्रबंधिकेवरून बेतलेला इंग्रजी शोधनिबंध आमच्या अंकात आला आहे, संपादकाने काय करायचं?

नमस्कार मंडळी,

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका महाविद्यालयात मी समाजशास्त्र शिकवते. आमचं एक सहामाही संशोधन नियतकालिक आहे, आणि यंदा त्याच्या कार्यकारी संपादकाचं काम माझ्याकडे आलं आहे. महाविद्यालयाचं किंवा कुणा व्यक्तीचं नाव मी मुद्दाम देत नाही. कृपया अंदाजही बांधू नका.

माझ्या आधीच्या एका अंकात गोवंडी-मानखुर्दच्या घरकामगार बायकांवर इंग्रजी निबंध छापला गेला. लेखक एकटेच, दुसऱ्या महाविद्यालयातले ज्येष्ठ प्राध्यापक. आमच्या सल्लागार मंडळावरही आहेत. आता एका मुलीचं पत्र आलं आहे. मुलाखती तिने घेतलेल्या, तक्ते तिच्या एम.ए.च्या प्रबंधिकेतले, आणि हे सर तेव्हा तिचे गाईड. प्रबंधिका मराठीत आहे. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. तक्त्यांतले आकडे तेच. बायकांच्या तोंडची वाक्यं इंग्रजीत आली आहेत आणि त्यांचा क्रमही तोच आहे. तळटीपेत फक्त ‘क्षेत्रकार्यात मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आभार’, तेही नावाशिवाय.

संपादक मंडळात विषय काढला तर पहिलं उत्तर मिळालं: सिमिलॅरिटी रिपोर्ट (मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो हे सांगणारा सॉफ्टवेअरचा अहवाल) दहा टक्क्यांच्या आत आहे, मग प्रश्न कुठे येतो? मला हे पटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरं. पण त्याच नियमांत वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून मांडणं. त्यात भाषेची अट कुठे आहे? सॉफ्टवेअर शब्दाला शब्द जुळवतं. ग्रंथालयाच्या कपाटात बांधून ठेवलेली मराठी प्रबंधिका त्याला दिसणार कशी? मराठीत काम करणाऱ्या आपल्या किती मुलांचं लेखन असं उघड्यावर पडलेलं असेल, या विचाराने मला खरंच त्रास होतो.

प्राचार्यांचं म्हणणं, नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) टीम यायची आहे, दोघांना समोरासमोर बसवा आणि मिटवून टाका. ती मुलगी पीएच.डी.च्या प्रवेशाच्या खटपटीत आहे. ती त्या खोलीत काय बोलणार?

माझी अडचण नेमकी अशी. कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स (ही संस्था १९९७ पासून संपादकांना अशा बाबतीत मार्गदर्शन करते) हिच्या निबंध मागे घेण्याच्या, म्हणजे छापलेला निबंध रद्द झाल्याचं जाहीर करण्याच्या, सूचना मी वाचल्या. लेखक कोण एवढाच वाद असेल आणि निष्कर्षांवर शंका घ्यायला जागा नसेल, तर निबंध मागे घेणं सहसा योग्य नाही, असं त्यांत आहे. वाङ्मयचौर्य असेल तर मात्र मागे घ्यावा. मग हे प्रकरण कशात बसवायचं? सर म्हणतील, विषय माझा, प्रश्नावली माझी, म्हणजे हा श्रेयाचा वाद. मी ठरवायचं की कुणी? आणि तिचं नाव कितपत झाकता येईल?

ज्यांनी संपादनाचं काम केलं आहे त्यांनी कृपया सांगा.

— भांडुपकरीण

परळचा वाचक:
ताई, एका वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादनात मी बरीच वर्षं आहे. सर्वात आधी, ज्या सरांबद्दल तक्रार आहे त्यांना आणि त्यांच्याशी जवळचा संबंध असलेल्या प्रत्येकाला या विषयापासून लेखी ठरावाने दूर ठेवा. ते झाल्याशिवाय पुढचं पाऊल नको.

दुसरं, तुम्ही न्यायाधीश नाही. श्रेयाचा वाद की चोरी, हे शोधायला लागणारी साधनं संपादकाकडे नसतात. तुमचं काम म्हणजे प्रबंधिका आणि निबंध यांचा समोरासमोर तक्ता करायचा, तो लेखकाला पाठवून ठरावीक तारखेपर्यंत लेखी खुलासा मागायचा. खुलासा समाधानकारक नसेल तर त्यांच्या संस्थेकडे जायचं. २०१८ च्या त्याच नियमांत विभागीय आणि संस्था पातळीवरच्या सचोटी समित्या (वाङ्मयचौर्याच्या तक्रारी तपासणाऱ्या) आहेत, आणि विभागीय समितीला अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. चौकशी लांबली तर निबंधासोबत साशंकतेची जाहीर नोंद, म्हणजे या निबंधाबद्दल शंका आहे असं वाचकांना सांगणारी टीप, लावता येते. तो अधिकार संपादकाचा, त्यासाठी प्राचार्यांची परवानगी लागू नये.

‘विषय माझा’ या मुद्द्याबद्दल: वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांप्रमाणे ज्याने माहिती गोळा करण्यात भरीव काम केलं, त्याला मसुदा वाचण्याची, सुधारण्याची आणि मान्य करण्याची संधी मिळायलाच हवी. तिला ती मिळाली का, एवढं विचारा. बरंच स्पष्ट होईल.

नावाबद्दल खोटी आशा देऊ नका. प्रबंधिका पुढे ठेवली की ती कुणाची हे सरांना कळणारच. म्हणून पहिलं पत्र जाण्याआधी तिची लेखी संमती घ्या, आणि समोरासमोर बैठक अजिबात नको.

कागदकोरा:
एकच. कुणी ‘वेबसाइटवरून पान गुपचूप काढून टाकू’ म्हणालं तर ऐकू नका. मागे घेतलेला निबंधसुद्धा तसा शिक्का मारून, कारण आणि कुणी मागे घेतला हे लिहून, वाचकाला दिसत राहिला पाहिजे. नाहीतर त्याचे संदर्भ पुढे चालूच राहतात.

समुद्रफेस:
तिचं नाव सहलेखक म्हणून टाकून प्रश्न सुटणार नाही का?

परळचा वाचक:
@समुद्रफेस, छापल्यानंतर नाव घालायला सगळ्यांची संमती लागते. आणि न पाहिलेल्या इंग्रजी मजकुराची जबाबदारी तिने का घ्यावी?

भांडुपकरीण:
मनापासून आभार. तिच्याशी आजच बोलले, ती संमती द्यायला तयार आहे. सरांना दूर ठेवण्याचा ठराव पुढच्या बैठकीत मांडते.

एक मुद्दा तिनेच काढला आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. त्या बायकांनी बोलायला होकार दिला तो तिला, तिच्या अभ्यासापुरता. संमतीपत्रावर प्रकाशनाचा उल्लेखच नाही. निबंधात एका बाईची वस्ती, वय आणि ती कुठल्या इमारतीत काम करते हे सगळं आलं आहे, म्हणजे ओळखीच्या माणसाला ती कोण हे लगेच कळेल. हे चौकशीची वाट न पाहता झाकता येईल का? तेवढा भाग झाकून तशी नोंद लावल्याचं कुणाच्या पाहण्यात असेल तर त्या नोंदीचा मसुदा मला हवा आहे, मराठी किंवा इंग्रजी कुठलाही चालेल.