मदत हवी आहे: ‘पिपो द क्लाउन’मधले उद्गार मराठीत कसे आणावेत?

नमस्कार मंडळी. आम्ही उट्रेख्तला राहतो. शेजारच्या आजोबांनी लेकीला ‘पिपो द क्लाउन’ची डीव्हीडी दिली. १९५८ साली सुरू झालेली ही डच मुलांची मालिका. लेखक विम मेल्डाइक, पिपोच्या भूमिकेत कॉर विट्शखे. विदूषक पिपो, बायको मामालू आणि मुलगी पेत्रा सर्कशीच्या गाडीत राहतात, एवढंच बिऱ्हाड.

लेक डच शाळेत जाते, तिला सगळं कळतं. पण पुण्याहून आलेल्या माझ्या आईलाही पाहायचंय, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगते. अडते ती दोन ठिकाणी. पिपोचं ‘सापरदेफ्लाप!’ याला अर्थ असा नाहीच, नुसता ठसका. ‘अरेच्चा’ फारच मिळमिळीत वाटतं. आईने ‘धबडधोंडा’ सुचवलं, लेक हसून लोळली, पण ते पिपोचं वाटत नाही.

दुसरं, ‘दाख फोखल्स, दाख ब्लुमन, दाख किंडरन’. पाखरं, फुलं, मुलं, इथवर ठीक. पण डचांचा ‘दाख’ येताना चालतो तसा जातानाही. ‘नमस्कार’ म्हटलं तर विदूषक एकदम सभेला उभा राहिल्यासारखा वाटतो! ‘राम राम पाखरांनो’ कसं वाटतं? की आणखी काही सुचतंय?