मदत हवी आहे: गावात राहून कॅनडाचा पीआर टिकतो का?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. १० जुलै २०२२ ला पीआर म्हणून, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा परवाना घेऊन, विनिपेगला उतरलो. डिसेंबर २०२३ लागला आणि बाबांना लकवा मारला. ३ डिसेंबरच्या विमानानं निघालो, तो आजवर गावातच आहे. मधे कॅनडाबाहेर कुठं गेलो नव्हतो, म्हणून तिथले दिवस भरतात ५१२.

कंपनी कॅनडाची आहे, नोकरी चालू आहे. संध्याकाळी साडेसातला लॅपटॉप उघडतो, पहाटे साडेतीनला मिटतो. वावरात रात्रीची लाईट असली की जेवणाच्या सुट्टीत बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, मोटर चालू करतो आणि परत मीटिंगला बसतो. बाबांचा उजवा हात अजून उठत नाही. डाव्या हातानं घास घेतात, पण भाकर आईलाच कुस्करून द्यावी लागते. साडेसात एकरांत पऱ्हाटी न् तूर आहे, आणि मी एकुलता एक.

आता प्रश्न. कंपनीतल्या एचआरच्या मॅडम म्हणतात, पगार कॅनडातून होतो म्हणजे इथले दिवसही धरतील. यवतमाळचा एक एजंट म्हणतो, पीआर कार्डाची मुदत संपली की पीआर गेला. खरं काय? आणि पुढं सिटिझनशिप घेतली तर वावराचं काय होईल? ज्यांनी हे भोगलं आहे त्यांनी कृपया लिहा, मला रात्र रात्र झोप नाही.

---

खामगावकर:

भाऊ, आईच्या आजारपणात मी यातून गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पीआर टिकवायचा नियम असा, की पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात भरायला हवेत. कॅनडाच्या कंपनीसाठी बाहेर केलेलं काम त्यात धरतात, पण कंपनीनं तुम्हाला परदेशातल्या जागेवर, आपल्या संलग्न कंपनीत किंवा ग्राहकाकडे पूर्णवेळ नेमलेलं असलं तरच. तुम्ही घरच्या अडचणीमुळे आलात आणि कंपनीनं चालवून घेतलं, ही नेमणूक नव्हे. पगार कुठून येतो यावर ते ठरत नाही. त्या भरवशावर राहू नका.

म्हणजे १० जुलै २०२७ च्या आत तुम्हाला अजून २१८ दिवस हवेत. ४ डिसेंबर २०२६ च्या आत विनिपेगला पोचलात तर हिशेब बसतो, पण तिकिटाची गडबड होते, तेव्हा आठ-दहा दिवस हाताशी ठेवा. त्यानंतर खिडकी रोज पुढं सरकते. तपासणी होईल त्या दिवसापासून मागची पाच वर्षं मोजतात, म्हणजे २०२२ चे दिवस एकेक करून गळत जाणार. तिथं राहिलात तर तितके नवे जमा होतात. लगेच परत आलात तर पुन्हा खड्डा.

एजंटाचं चूक आहे. कार्ड संपल्यानं पीआर जात नाही, त्यासाठी तसा निर्णय व्हावा लागतो. मात्र कार्ड संपल्यावर बाहेर असाल तर परतायला व्हिसा ऑफिसकडून प्रवासाचा कागद घ्यावा लागतो आणि तिथं हेच ७३० दिवस पाहतात. दिवस कमी भरले तर माणुसकीच्या कारणांचा विचार होतो. बाबांचे डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं आजच एका फाईलला लावा. नकार आला तर ६० दिवसांत अपील करता येतं.

सिटिझनशिपचं गणित वेगळं. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात. कंपनीनं रीतसर बाहेर पाठवलं तरी ते दिवस यात धरत नाहीत, सवलत आहे ती सरकारी नोकरी किंवा लष्करात असलेल्यांना. तुम्हाला जवळपास नव्यानंच सुरुवात करावी लागेल.

वावराचं सांगतो. पीआर असेतो तुम्ही भारताचेच नागरिक. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्यानं भारताचं आपोआप जातं, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, काढता येतं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वडिलांची वारसानं मिळते.

---

मूळ धागाकर्ता:

दादा, फार उपकार झाले. डिस्चार्जचे कागद आईच्या पेटीत पातळाच्या घडीत सापडले, सगळ्यांचे फोटो काढून ठेवले. दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, पहिली वेचणी तेवढ्यात आटोपेल. २२ तारखेचं तिकीट पाहतो आहे. बाबांना अजून सांगितलं नाही. दारव्ह्याकडे घरी येऊन हाताचा व्यायाम करून घेणारं कुणी ओळखीचं असेल तर कळवा, मी निघायच्या आत ती सवय लागायला हवी.