रॅली म्हणजे शर्यत की मेळावा?

इंग्लंडात भाच्याकडे असताना एमजी गाड्यांच्या मेळाव्याला गेले होते. गवतावर दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक हिरवी एमजीबी, दुसरी चपट्या डब्याला भलामोठा पंख चिकटवावा तशी एमजी मेट्रो ६आर४. भाचा म्हणाला, "मावशी, ही रोडस्टर, ती रॅली कार. आणि आपण आलोय तीसुद्धा रॅलीच." फलकावर खरंच 'रॅली' होतं, आणि एकही गाडी जागची हलत नव्हती! मराठीत या दोघींना काय म्हणाल?

प्रतिसाद १
फलक बरोबर आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ पांगलेल्यांना पुन्हा गोळा करणे. १९११च्या पहिल्या माँटे कार्लो रॅलीत स्पर्धक युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून निघून मोनॅकोला जमले होते. आता रॅली म्हटलं की चिखल आणि घड्याळ आठवतं. आपल्याकडच्या प्रचाराच्या दुचाकी रॅलीला नाकं मुरडतो, पण ती मुळाच्या जास्त जवळ आहे. 'विंटेज कार रॅली'त खटकायचंच तर 'विंटेज' खटकू दे. ब्रिटिश हिशेबात त्या १९१९ ते १९३०च्या गाड्या. एमजीबी १९६२ ते १९८० बनली, म्हणजे क्लासिक. 'अभिजात' नको, तो शब्द सध्या भाषेच्या कामात आहे.

प्रतिसाद २
रोडस्टर आधी घोडा होता. लांबच्या वाटेला टिकणारा, रोजच्या रपेटीचा. मग सायकल, मग उघडी दोन आसनी गाडी. आमच्या सायकलच्या दुकानात साध्या काळ्या बावीस इंचीला बिलावर 'रोडस्टर' लिहीत. गिऱ्हाईक मात्र 'दूधवाल्याची सायकल' म्हणायचं. एमजीबीची ९५ अश्वशक्ती म्हणजे घोडा परत आलाच म्हणा.

मूळ धागाकर्ती
मग एमजीबीला 'उघड्या टपाची' म्हणू का? कापडी टप मागे दुमडलेला होता.

प्रतिसाद १
चालेल. कर्मठ लोक तिला रोडस्टर म्हणायलाही तयार नसतात, कारण तिच्या दाराच्या काचा हँडल फिरवून वर येतात. खऱ्या रोडस्टरला काचाच नसत, वरून पडदे अडकवायचे. मला हा सोवळेपणा वाटतो.

प्रतिसाद ३
६आर४ हे नावच फोड करून सांगतं. सहा सिलिंडर, रॅली, चारही चाकांना जोर. इंजिन मेट्रो या साध्या छोट्या गाडीसारखं पुढे नाही, सीटच्या मागे. १९८५च्या ब्रिटनमधल्या आरएसी रॅलीत चालक टोनी पाँड तिच्यात तिसरा आला.

तिला 'दुर्मीळ' म्हणताना मी अडखळतो. एमजीबी, तिची बंद टपाची जीटी धरून, पाच लाखांवर निघाल्या. ६आर४ नियमाला पुरतील एवढ्याच, २००. ग्रुप बी या रॅली गाड्यांच्या गटात उतरायचं तर तेवढ्या बनवून दाखवाव्या लागत. याला होमोलोगेशन म्हणतात. मूळ ग्रीक, 'संमती देणे'. पुण्यात एआरएआय गाड्यांना मान्यता देते ते हेच काम, फक्त तिथे शर्यतीचा संबंध नाही. जीवघेण्या अपघातांनंतर १९८६च्या हंगामाअखेर ग्रुप बी बंद झाला आणि गाडीचं कामच संपलं. म्हणून मी 'मोजकी' म्हणेन. दुर्मीळ म्हणजे शोधूनही सापडत नाही ते, हिची तर मोजणीच आधी ठरली होती.

मूळ धागाकर्ती
'मोजकी' घेतला. रॅली कार तशीच राहू दे. 'उघड्या टपाची' मात्र दुपारी पाऊस येईपर्यंतच खरं ठरलं. टपाची बटणं लावताना मालकाचं नख मोडलं, शेजारचा ६आर४वाला थर्मासमधला चहा पीत बघत होता.